मदत हवी आहे: सात महिन्यांच्या बाळाला घरच्याच स्वयंपाकातून भूमध्यसागरी पद्धतीचं काय देता येईल?

नमस्कार. आम्ही जळगावचे. मुलगी सात महिन्यांची झाली. वरण-भात, कुस्करलेलं केळं सुरू आहे. नणंदबाई स्पेनमध्ये असतात. त्यांनी आपल्या बाळाला मसूर, काबुली हरभरे, भाजलेलं वांगं, दही, ऑलिव्ह तेल असं घरच्याच भांड्यातलं दिलं, फक्त मीठ-साखरेशिवाय. मलाही तेच हवंय. डब्यातल्या पावडरी नकोत, पोरीला आपल्या घरची चव लागली पाहिजे.

वांगं तर आपलं हक्काचं! परवा भरताची वांगी पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) भाजली. मिरची-मीठ पडायच्या आधी थोडा गर बाजूला काढला, जळकी सालं आणि जून बिया निवडल्या, ताजं दही घालून मऊ केला. पोरीने चमचा हिरड्यांत असा धरला की सोडेना.

आता अडलंय ते इथे. आमचं घर शाकाहारी, अंडी-मासे नाहीत, मग लोह पुरेल का? ऑलिव्ह तेलच हवं का? सासूबाई म्हणतात, घाण्याचं शेंगदाणा तेल काय वाईट? हरभरे सालासकट चालतील का? आणि शेजारच्या काकू मध चाटवायला सांगतात, त्याचं काय करू? अनुभवी आयांनी कृपया सविस्तर लिहा.

यावलची आई:
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. ऑलिव्ह तेलात असतं ते ओलेइक आम्ल (चांगल्या प्रकारची चरबी) शेंगदाणा तेलातही भरपूर असतं. फक्त शेंगदाणा पहिल्यांदा देताना दिवसा, अगदी थोडा द्या आणि अंगावर पुरळ येतंय का बघा. अख्खा दाणा मुळीच नको, घशात अडकतो. बारीक वाटून पेजेत मिसळा.

लोहाची काळजी मात्र खरी आहे. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही. मसुराच्या घट्ट वरणात लिंबू पिळा किंवा टोमॅटो शिजवा, 'क' जीवनसत्त्वामुळे लोह अंगी लागतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी लोहाचं सिरप असतं. आशाताईंना विचारा, पण मात्रा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हरभरे रात्रभर भिजवून, शिजवून, सालं काढून घोटा. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी वरणात भिजवून कुस्करली तरी चालेल.

मध वर्ष होईपर्यंत बोटभरही नको. त्यातून बोट्युलिझम (जंतूंमुळे होणारी गंभीर विषबाधा) होऊ शकतो, बाळाच्या जिवावर बेततं. काकूंना हे स्पष्ट सांगा.

पोरगी आधाराने नीट बसते का? घट्ट घास देताना ते आधी बघा.