पोकळ लोखंडी खांबातून नवी वायर कशी ओढावी?

प्रश्न (यावल तालुका):
आमच्या केळीच्या मळ्यातील 9 मीटर उंच पोकळ खांबावरील दिव्याची वायर उंदरांनी कुरतडली आहे. खांब न पाडता नवी वायर आतून कशी ओढावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (चोपडा):
भाऊ, प्रथम मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी. जुनी वायर काढण्यापूर्वी तिच्या खालच्या टोकाला नायलॉनची दोरी घट्ट बांधून वायर वरून सावकाश ओढावी, म्हणजे दोरी आतच राहील आणि तिनेच नवी वायर ओढता येईल. गाठ मात्र फुगीर नसावी.

प्रश्नकर्ता:
जुनी वायर मध्येच तुटली असल्यास?

उत्तर (शिरपूर):
मग वरून दोरीला जड नट बांधून सोडावे. याहून महत्त्वाचे, आणि हेच बहुतेक जण विसरतात, ते असे की वायरचे वजन दिव्याच्या जोडणीवर न येता वरच्या क्लॅम्पवर यावे आणि छिद्राच्या धारदार कडेला रबरी ग्रोमेट (वायर कापली जाऊ नये म्हणून बसवायचे रबरी कडे) असावा. वायर तीन तारांचीच घ्यावी, कारण तिसरी तार अर्थिंगसाठी लागते. लोखंडी खांबाला अर्थिंग नसेल आणि वायर सोलून खांबात करंट उतरला, तर पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभा असलेला माणूस त्याला हात लावताच जिवाला मुकू शकतो.