इंग्लंडच्या खेड्यातलं बालपण: तुमचं गाव, तिथल्या जुन्या गोष्टी (अनुभव धागा)

लंडन-लेस्टरच्या आठवणी भरपूर वाचल्यात, पण आपल्यातले काही जण पार खेड्यात वाढले, जिथे दिवसाला चार बस आणि आख्ख्या गावात आपलंच एक घर. त्यांनी लिहा. गावाचा इतिहास, तुमचे उद्योग, काहीही.

मी सुरुवात करते. बाबा १९७४ ला डर्बीशायरमध्ये डॉक्टर म्हणून लागले. आमच्या खेड्याचं नाव लिहीत नाही, लगेच ओळखू येईल. दगडावर दगड नुसते रचून केलेले बांध, एकच दुकान आणि त्याच्याच कोपऱ्यात पोस्ट, पंधरा दिवसांनी येणारी लायब्ररीची व्हॅन. कोथिंबीर हवी तर शेफिल्ड.

पाचेक मैलांवर ईम (Eyam) नावाचं गाव. स्पेलिंग बघून नवखा माणूस एयाम म्हणतो आणि तिथेच पकडला जातो. १६६५ साली लंडनहून तिथल्या शिंप्याकडे कापडाचा गठ्ठा आला, ओलसर होता म्हणून त्याच्या हाताखालच्या जॉर्ज विकार्सने तो शेकोटीपुढे वाळत घातला, त्यात पिसवा होत्या असं म्हणतात, आणि ७ सप्टेंबरला तो गेला. मग प्लेग घरोघर. पुढच्या जूनमध्ये विल्यम माँपेसन नावाच्या, तिशीही न गाठलेल्या पाद्र्याने आणि आधीच्या स्टॅनली पाद्र्याने मिळून गावाला सांगितलं की कुणी हद्द ओलांडायची नाही, नाहीतर आजूबाजूची गावं मरतील. आणि लोक थांबले! प्रार्थनासुद्धा चर्चमध्ये नाही, बाहेर घळीत, लांब लांब उभं राहून. बाहेरचे लोक हद्दीवर धान्य ठेवून जायचे आणि गावकरी त्याचे पैसे दगडाच्या खळग्यांत ठेवायचे, रोग पसरू नये म्हणून व्हिनेगरमध्ये बुडवून.

तो दगड अजून आहे, सहा खळगे. आम्ही त्यात बोटं घालून खेळायचो. शाळेत दर वर्षी यावर नाटक, आणि मला दर वर्षी काम कसलं तर लंडनहून गठ्ठा घेऊन येणाऱ्याचं. म्हणजे रोग आणणारा बाहेरचा माणूस. तेव्हा स्टेजवर पहिली एंट्री माझी म्हणून खूश होते, बाई मनाने चांगल्या होत्या, पण आता आठवलं की जरा टोचतंच.

१९७९ मध्ये पुण्याहून आजी आली, तिला तो दगड दाखवायला नेलं. तिच्या आईने १८९७ चा प्लेग बघितलेला. घरात उंदीर मेला की भांडीकुंडी उचलून रानात झोपडी बांधून राहायचं, रँडचे सोल्जर घरात शिरून देवघरापर्यंत जायचे, हे सगळं आजीने ऐकलेलं. बाबा तिला ईमची गोष्ट सांगत होते, तर ती मधेच म्हणाली, "म्हणजे आमच्याकडे गाव सोडून वाचले आणि हे गाव न सोडून मेले? कुणी सोजिरांनी कोंडलं नव्हतं ना?" बाबा नाही म्हणाले. आजी बराच वेळ गप्प. मग म्हणाली, व्हिनेगरच कशाला, चिंचेचं पाणीही चाललं असतं.

गल्लीतला_गावसकर: ताई, मस्त लिहिलंय, पण लोक थांबले हे इतकं सरळ नव्हतं. ज्यांची ऐपत होती ते आधीच निघून गेले होते, माँपेसननेही स्वतःची दोन मुलं आधीच बाहेर पाठवली होती (बायको मात्र थांबली आणि १६६६ च्या ऑगस्टमध्ये गेली, तिची कबर चर्चच्या आवारात आहे). आणि गरिबांनी जायचं कुठे? शेफिल्डवाले घेणार होते थोडेच. मेलेले २६० च्या आसपास. पूर्वी सांगायचे की साडेतीनशेच्या गावात ८३ उरले, आता म्हणतात वस्ती त्याच्या दुप्पट तरी असावी. तरी मोठेपणा कमी होत नाही म्हणा.

माझी आठवण वेगळीच आहे. आम्ही चेस्टरफील्डला होतो, सहलीला ईमला नेलं, बाकीची पोरं प्लेगच्या कबरी शोधतायत आणि मला सापडला हॅरी बॅगशॉ! डर्बीशायरकडून खेळायचा, नंतर अंपायर. त्याच्या थडग्यावर कोरलंय काय तर बॉल लागून उडालेला स्टंप आणि वर अंपायरचं बोट. आउट!! मी तिथे इतका हसलो की सरांनी बसमध्ये बसवून ठेवलं.

चिंगी_७१: अगं तू रायलीच्या कबरींचं लिहिलंच नाहीस! गावापासून अर्ध्या मैलावर शेतात गोल भिंत आणि आत सात जण. एलिझाबेथ हॅनकॉक, नवरा आणि सहा मुलं आठ दिवसांत गेली, आणि पुरलं तिने एकटीने, कुणी जवळ येईना म्हणून. आम्ही शेजारच्याच गावात होतो, माझे मिस्टर सोडून कुणाला हे सांगितलं नाहीये पण लहानपणी मी रात्री पांघरुणात तिची मुलं मोजायचे.

बरं आता जरा बरं काहीतरी. त्या भागात उन्हाळ्यात विहिरी सजवतात ते कुणी बघितलंय का? लाकडाच्या मोठ्या फळ्या आधी पाण्यात भिजत ठेवायच्या, त्यावर ओल्या मातीचा थर, चित्राची रेघ मारायला बिया नाहीतर कॉफीचे दाणे, आणि मग आत एकेक पाकळी दाबून बसवायची. खालून वर लावत जायचं, कौलं घालतात तसं, म्हणजे पाऊस आला तरी पाणी ओघळून जातं. टिसिंग्टनला मे महिन्यात असतं, ईमला ऑगस्टच्या शेवटाला, त्याच सुमारास प्लेगची आठवण म्हणून घळीत प्रार्थना असते आणि आख्खी मेंढी भाजतात. हॉलमध्ये सगळ्या बायका वाकून पाकळ्या लावतायत, माझी आई एकदा नुसती बघायला म्हणून गेली, पाच मिनिटांत पदर खोचून खाली बसली. हात रांगोळीचा ना. दुसऱ्या वर्षीपासून तिला बोलवायलाच यायचे, आणि तोवर तिचं नावही कुणाला धड म्हणता येत नव्हतं.

विहीरवाला: विहिरीवरून आठवलं. ऑक्सफर्डशायरमध्ये स्टोक रो म्हणून गाव आहे, आम्ही जवळच राहायचो. तिथे रस्त्याकडेला सोनेरी घुमट, खाली सोनेरी हत्ती आणि खाली विहीर! काशीच्या महाराजांनी दिलेली, १८६४ ची. तिथला रीड नावाचा साहेब बनारसकडे नोकरीला होता, त्याने महाराजांना सांगितलेलं की आमच्याकडेही पाण्याचे हाल आहेत, घरातलं शेवटचं पाणी प्यायला म्हणून आई पोराला मारते. तो चुनखडीचा डोंगर, पाणी खोल. ३६८ फूट, हाताने खणलेली, आत कुतुबमिनार उभा केला तर वर अजून शंभर-सव्वाशे फूट उरतील. बादली वर यायला दहा मिनिटं. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावून दिली.

शाळेत मला पोरं विचारायची तुमच्याकडे प्यायला पाणी असतं का. मी म्हणायचो, तुमचंच आमच्याकडून आलंय, जा बघून या.

उजनीकाठ: मी तिथे वाढलो नाही, दहा वर्षांचा असताना काकांकडे डॉर्सेटला दोन महिने होतो, चालेल ना? काकांनी टाइनम दाखवलं. १९४३ च्या डिसेंबरमध्ये रणगाड्यांच्या सरावासाठी सगळं गाव रिकामं केलं, सव्वादोनशे माणसं. जाताना चर्चच्या दारावर चिठ्ठी लावली की घरं नीट वापरा, आम्ही परत येऊ. लढाई संपली पण गाव लष्कराकडेच राहिलं. शाळेत पोरांच्या कोटाच्या खुंट्या तशाच, खाली नावं. आमचं जुनं गाव उजनीत गेलंय, वडील दर उन्हाळ्यात पळसदेवचं देऊळ वर आलं का बघायला जातात. त्या खुंट्या बघून मी काकांना विचारलं, यांना जमीन मिळाली का बदल्यात? काका म्हणाले, इथली बरीच लोकं भाड्याने होती.

चिंगी_७१: @धागाकर्ती, आजीने त्या दगडात नाणं ठेवलं का गं? सगळेच ठेवतात.

हो! दहा पैशाचं, ते ॲल्युमिनियमचं नागमोडी कडांचं. पुढच्या रविवारी गेलो तर गायब. माझ्या भावाचं अजूनही म्हणणं आहे की मेंढीने खाल्लं.