नऊ जणांचं जेवण, सहा हजार बजेट, कुठल्या व्हाईट वाईन घेऊ?

गवतीचहा

नमस्कार मंडळी, जरा घाईत मदत पाहिजे. पुढच्या शनिवारी आईबाबांच्या लग्नाला ४० वर्षं होतायत, पार्ल्याला घरीच जेवण ठेवलंय. बाबा म्हणाले या वेळी व्हिस्की नको, सगळ्यांनी मिळून एकच काहीतरी घेऊ, वाईन आण. आईला रेड अजिबात उतरत नाही घशाखाली, म्हणून व्हाईट. मला त्यातलं कळतं ते एवढंच की थंड करून पितात. काल दुकानात गेले तर भिंतभर बाटल्या, दुकानदाराने विचारलं मॅडम बजेट सांगा, मला काय सांगावं तेच सुचेना, तशीच परत आले.

माणसं सांगते. आई आणि आत्या, दोघींना गोड आवडतं, आत्याने आजवर वाईन चाखलेली नाही पण यंदा घोटभर घेणार म्हणतेय, आणि ती पक्की शाकाहारी आहे. बाबा आणि काका व्हिस्कीवाले, गोड काही दिलं की सरबत म्हणून बाजूला ठेवतील. दादा-वहिनी सहा वर्षं जर्मनीत राहून आलेत, त्यांना यातलं कळतं. मी आणि नवरा, आम्हाला काहीही चालेल. आणि एक भाचा, १९ वर्षांचा.

जेवायला कोथिंबीर वडी, हिरवी चटणी भरलेलं पापलेट, आईच्या हातचं कोलंबीचं कालवण (तिखट असतं बरं का), आत्यासाठी वालाचं बिरडं, भात, आणि शेवटी हापूस. बजेट सहा हजार, अगदीच ताणलं तर सात.

बोंबील_भाकरी

आधी हिशोब करून टाकू. भाच्याला कोकम सरबत द्या, आपल्याकडे वाईनसाठी २१ पूर्ण लागतात. राहिले आठ. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात, आत्या घोटभरच घेणार म्हणजे चार बाटल्या पुष्कळ झाल्या.

आता कुठल्या. तुम्हाला द्राक्षांची नावं पाठ करायची काही गरज नाहीये, माणूस चहा कसा पितो आणि ताटात लिंबू किती पिळतो ते आठवा. चहात दोन चमचे साखर घालणाऱ्यांना शेनिन ब्लांक द्या. हे द्राक्ष मूळचं फ्रान्सच्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं, पण नाशिकला चांगलं रुळलंय, कारण गरम हवेतसुद्धा ते आपला आंबटपणा सोडत नाही. सुला कंपनीची शेनिन किंचित गोडसर असते, पेरू-अननसासारखा वास येतो, पहिल्यांदा पिणाऱ्या माणसाला ती परकी वाटत नाही. आई आणि आत्यासाठी तीच. तिखट कालवणासोबतही तीच, कारण जिभेवर तिखट पेटलेलं असताना थोडा गोडवा लागतो, त्यावर कडक ड्राय (म्हणजे अजिबात गोड नसलेली) वाईन घेतली तर ती अजून झोंबते.

आणि ज्यांना माशावर लिंबू पिळल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना सॉव्हिन्यॉन ब्लांक. तिला हिरवा वास असतो, कापलेल्या गवताचा, हिरव्या ढोबळी मिरचीचा (खरंच त्याच जातीचं द्रव्य असतं दोघांत). तुमच्या हिरव्या चटणीच्या पापलेटाबरोबर आणि कोथिंबीर वडीबरोबर याच्याहून चांगलं काही मिळणार नाही, तळलेल्याचा तेलकटपणा आंबटपणाने कापला जातो आणि कोथिंबिरीला कोथिंबिरीसारखाच जोडीदार मिळतो. बाबा-काकांना हीच द्या, गोड नसते.

दोन शेनिन, दोन सॉव्हिन्यॉन. नाशिकच्या साध्या बाटल्या हजाराच्या आसपास पडतात, तुमचं काम सहा हजाराच्या बरंच आत होतंय.

माहीमची_खाडी

वरचं सगळं पटलं, पण मुंबईत त्याच्याही आधी एक गोष्ट बघायची असते ती कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. दुकान बघा. मे महिना आहे, वाईन व्हिस्कीसारखी टिकाऊ नसते, उष्णतेने ती अक्षरशः शिजते. मी मागच्या वर्षी बहिणीच्या डोहाळजेवणाला आलेल्या पाहुण्यांसाठी म्हणून एक चांगली सॉव्हिन्यॉन आणली होती, उपनगरातल्या एका दुकानातून, बाटली शोकेसमध्ये वरच्या फळीवर बल्बच्या बरोब्बर खाली उभी होती आणि मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. घरी उघडली तर रंग तिळाच्या तेलासारखा पिवळा आणि वास कापून ठेवलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. सगळी ओतून दिली. तोच ब्रँड, तेच वर्ष, नंतर दुसऱ्या दुकानातून फ्रीजमधली घेतली तर एकदम टवटवीत. तेव्हापासून मी ब्रँड नंतर बघते.

तर असं करा. ज्या दुकानात वाईन एसीत किंवा फ्रीजमध्ये ठेवतात आणि माल भरभर खपतो तिथूनच घ्या. काचेजवळची, उन्हातली, धूळ बसलेली बाटली नको, कितीही सवलत देऊ देत. लेबलवर वर्ष असेल तर ते वाचा, बाटली भरल्याची तारीख बघा. नाशिकला द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात आणि त्या वर्षीची व्हाईट पुढे काही महिन्यांनी दुकानात यायला लागते, या साध्या व्हाईट जुन्या होऊन चांगल्या होत नाहीत, ताज्याच प्यायच्या असतात. दोन वर्षांच्या आतली घ्या, तीन-चार वर्षांपूर्वीची तर घेऊच नका. आणि घेतल्यावर गाडीच्या डिकीत ठेवून तासभर दुसऱ्या खरेदीला जाऊ नका.

स्क्रू कॅप बघून नाक मुरडू नका हां, आपल्याकडच्या बऱ्याच व्हाईट स्क्रू कॅपमध्ये येतात आणि ताजेपणासाठी तेच बरं, शिवाय घरात बूच काढायचा स्क्रू शोधत बसायला लागत नाही.

ओक_आणि_मी

व्हिस्कीवाल्यांना सॉव्हिन्यॉन देणं मला नाही पटलं. ज्यांची जीभ ओकच्या लाकडाच्या पिंपात मुरलेल्या दारूला सरावलीय त्यांना गवताच्या वासाची पातळ वाईन रिकामी वाटते, हे मी आमच्या घरी तीन सासऱ्यांवर (एक सख्खे दोन चुलत) बघितलंय. त्यांना शार्डने द्या, ओकमध्ये ठेवलेली. व्हॅनिलासारखा, भाजलेल्या बदामासारखा वास येतो, तोंडात जाड लागते, लोण्यासारखी. ते लोणी उगाच म्हणत नाहीत, वाईनमधलं हिरव्या सफरचंदाचं तीव्र आम्ल जिवाणू बदलून दुधातलं मऊ आम्ल करतात आणि त्या वेळी लोण्याच्या वासाचं द्रव्य तयार होतं. फ्रातेली कंपनीची अकलूजची शार्डने बघा, सोलापूर जिल्ह्यात म्हणजे आपल्याच राज्यातली, त्यांचीच वरची वीटे मालिका आहे ती महाग पण ओकवाली. शार्डने सगळ्याच ओकच्या नसतात, तेव्हा मागचं लेबल वाचून घ्या.

बोंबील_भाकरी

ओक_आणि_मी, शार्डने चांगलीच आहे, पण ताटाचं काय? तिखट कालवणासमोर ओक कडू लागतो. मी करून बघितलंय, पहिल्या दोन घोटांना मजा आली आणि नंतर तोंडात नुसतं लाकूड.

ओक_आणि_मी

कालवणासोबत नाहीच द्यायची. सात वाजता पानं मांडायच्या आधी, खारे काजू आणि चीजसोबत. जेवायला बसले की शेनिनवर या. एक बाटली पुरते बाबा-काकांना.

हिल_रोडवरून

दादा-वहिनींबद्दल बोलतो, मी स्वतः तीन वर्षं फ्रँकफर्टला होतो. जर्मनीतून आलेत म्हणून रिस्लिंगच आणायला पाहिजे असं मनात आणू नका. रिस्लिंग उत्तम द्राक्ष आहे, मोझेल नदीकाठची तर काय सांगावी, पण तिथे सुपरमार्केटमधून सहज उचलायचो ती बाटली इथे भलत्याच किमतीला बघून जीव तुटतो. इतकी वर्षं आयात वाईनवर १५० टक्के सीमाशुल्क, वर राज्याचे कर, मग ती स्वस्त कशी पडणार. ऑस्ट्रेलियाबरोबरचा करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालाय, त्यात बाटलीमागे ५ अमेरिकी डॉलरच्या वरच्या वाईनवरचं शुल्क १५० चं १०० झालं आणि १५ डॉलरच्या वरच्यांचं ७५, पुढे दरवर्षी थोडं थोडं उतरणार आहे, त्यामुळे परदेशीच घ्यायची तर ऑस्ट्रेलियन शार्डने बघा. पण खरं सांगू, जे बाहेर राहून येतात त्यांना इथली वाईन प्यायची असते. मी परत आलो तेव्हा मित्राने नाशिकची बाटली समोर ठेवली त्याचं मला किती बरं वाटलं होतं. वहिनींना काही वेगळं द्यायचंच असेल तर ग्रोव्हर झाम्पा कंपनीची व्हिओनिये विचारा, जर्दाळू आणि फुलांचा वास येतो, गोड नसून गोड असल्यासारखी वाटते. ही जात फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यातली, आपल्याकडे थोडीच होते.

रिस्लिंग घेतलीतच तर एक शब्द लक्षात ठेवा, लेबलवर ट्रोकन असेल तर ड्राय. आईसाठी म्हणून ती नेलीत तर फसाल.

गवतीचहा

बापरे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मी वहीत उतरवून घेतलंय. दोन शंका. एक, आत्या शाकाहारी आहे तर वाईनमध्ये काही मांसाहारी असतं का? तिने स्वतः विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही. दोन, फ्रीज त्या दिवशी पापलेट, कोलंबी, आमरस आणि केकने भरलेला असणार, चार-पाच बाटल्या गार कुठे करू?

माहीमची_खाडी

आत्यांनी विचारलं ते अगदी बरोबर विचारलं. वाईन द्राक्षाचीच, पण ती नितळ करायला काही ठिकाणी अंड्याचा पांढरा बलक, दुधातलं केसीन किंवा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात, तो गाळासोबत खाली बसतो आणि काढून टाकतात. बरेच जण त्याऐवजी बेंटोनाइट नावाची माती वापरतात. लेबलवर हिरवा ठिपका असलेली बाटली घ्या आणि तो ठिपका आत्यांना दाखवा, म्हणजे त्यांच्या मनात काही राहणार नाही. आत्यांना बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मात्र आधी डॉक्टरांना एक फोन करा.

गार करायला फ्रीज लागतच नाही. मोठं पातेलं किंवा बादली घ्या, अर्धा बर्फ अर्धं पाणी आणि दोन मुठी मीठ, बाटल्या मानेपर्यंत बुडवा, पंचवीस मिनिटांत होतात. नुसता बर्फ घालू नका, पाणी असलं की गारवा सगळ्या बाजूंनी लागतो. फ्रीझरमध्ये तर मुळीच नको, विसरलात की बाटली फुटते. शेनिन, सॉव्हिन्यॉन ८ ते १० डिग्रीला छान, शार्डने त्याहून थोडी कमी गार, १२ च्या आसपास, ती बादलीतून दहा मिनिटं आधी काढा. आणि ग्लास एक तृतीयांशच भरा, आपल्या उकाड्यात अर्ध्या तासात कोमट होते, त्यापेक्षा दोनदा ओतलेलं बरं. ग्लासात बर्फ घातला तर चव पाणचट होते, पण आत्यांना तशीच आवडली तर त्यांना घालू द्या, त्यांचा पहिला ग्लास आहे.

बोंबील_भाकरी

हापूसचं राहिलंच की! सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन मिळते, छोटी ३७५ मिलीची. द्राक्षं वेलीवर जास्त दिवस ठेवून गोडी दाटू देतात, मग वाईन करतात. मधासारखी लागते, एकेकाला दोन घोट पुरतात. हापूसच्या फोडींबरोबर साधी ड्राय व्हाईट दिलीत तर आंब्यापुढे ती आंबट लागेल, गोडाबरोबर वाईन त्या गोडाहून गोडच पाहिजे. तुमच्या आईसाठी एवढी एक घ्याच.

गवतीचहा

काल झालं जेवण. शेवटी घेतलं ते असं: दोन शेनिन, एक सॉव्हिन्यॉन, एक फ्रातेलीची शार्डने आणि छोटी लेट हार्वेस्ट. माहीमची_खाडी, तुमचं ऐकून दुकान बदललं, अंधेरीला गेले, तिथे बाटल्या फ्रीजमध्ये होत्या आणि दुकानदाराने स्वतःच तारखा वाचून दाखवल्या. थोडं सहा हजाराच्या वर गेलं.

शार्डने बाबांना आवडली, काकांनी अर्धा ग्लास घेऊन सॉव्हिन्यॉन मागितली आणि पापलेटासोबत तीच धरून बसले, त्यामुळे ओक_आणि_मी आणि बोंबील_भाकरी, तुम्ही दोघंही अर्धे अर्धे बरोबर. वहिनीने शेनिनची बाटली हातात घेऊन लेबल पूर्ण वाचलं, म्हणाली आम्ही तिथे असताना ही मिळाली असती तर. आत्याने हिरवा ठिपका चष्मा लावून बघितला, बर्फ न घालता घेतली, आणि बिरड्याबरोबर अजून थोडी घेतली. हापूस आणि ती छोटी बाटली आली तेव्हा आई बाबांना म्हणाली, चाळीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही पिताय ते मला पण आवडतंय.

एक शेनिन अर्धी उरलीय, टोपण घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवलीय. किती दिवस चालेल?

माहीमची_खाडी

तीन-चार दिवस आरामात. त्यानंतर प्यायला नको, तिसऱ्या (शिंपल्या) आणल्यात तर लसूण परतून त्यावर ओता आणि झाकण ठेवून वाफ काढा.