मदत हवी आहे : 'रिव्हॉल्व्हर'च्या रिमास्टरमध्ये गायकाचा आवाजच गायब

तळमजला
कोणीतरी लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय. काकांच्या वाढदिवसाला बीटल्सचा 'रिव्हॉल्व्हर' फोनवर लावून दिला, रिमास्टर्ड, आणि सोबत चांगले हेडफोन. हा अल्बम त्यांना कॉलेजपासून तोंडपाठ आहे. पहिलं गाणं डोळे मिटून ऐकलं. दुसरं 'एलिनॉर रिग्बी' लागलं तसे हेडफोन काढून म्हणाले, "यात गाणारा कुठाय रे? नुसती व्हायोलिनं वाजतायत." मी लावून बघितलं तर गायक पॉल मॅकार्टनी व्यवस्थित गातोय. परत त्यांना दिले, परत तेच. मधूनच आवाज येतो म्हणतात आणि पुन्हा जातो. दुकानात जाऊन जोडी बदलून आणली, नव्या जोडीतही तेच. रिमास्टर करताना काही उडवलंय का? रविवारी त्यांचे जुने मित्र येणार आहेत, त्याआधी हे नीट व्हायला हवं.

लोखंडी_पेटी
कोणता फोन, कोणतं ॲप, वायर की ब्लूटूथ? वायर असेल तर पिन पूर्ण आत गेलीय का ते आधी बघा. पिन अर्धवट बसली की अर्थिंग सुटतं, मग डाव्या-उजव्यातला फक्त फरक कानात येतो आणि मधोमध असलेला आवाज, म्हणजे बहुतेक वेळा गायकच, पुसला जातो. अशा बऱ्याच तक्रारींचं मूळ पिन असते. फोनला कव्हर असेल तर तेही काढा, जाड कव्हर पिन अडवतं.

तळमजला
वायरचेच आहेत. पिन घट्ट बसलीय, कव्हर नाही. आणि त्याच पिनवर मला आवाज येतो हे वर लिहिलंय.

दमदम
रिमास्टर नावाच्या गोष्टीच्या नादी लागू नका. ही गाणी एलपीवर ऐकण्यासाठी बनली. एक बरा टर्नटेबल घ्या, जुनी तबकडी मिळवा. तबकडी आणल्यावर पहिलं काम म्हणजे धुणं. डिस्टिल्ड वॉटर, दोन-तीन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही. उभी ठेवून वाळवा, फडक्याने पुसू नका.

उलटी_टेप
रविवारपर्यंत टर्नटेबल कुठून आणतील ते, दमदम?
तळमजला, नेमकी आवृत्ती सांगा. 'रिव्हॉल्व्हर' या नावाने निदान चार वेगळ्या गोष्टी फिरतात. १९६६ चा मोनो (सगळा आवाज एकत्र), १९६६ चा स्टिरिओ (डावं-उजवं वेगळं), त्याच स्टिरिओची २००९ ची रिमास्टर, आणि २०२२ चं नवं मिक्स. शेवटचं रिमास्टर नाही, रिमिक्स आहे, म्हणजे गळे आणि वाद्यं नव्याने मांडलेली. लोक दोन्हीला एकच समजतात आणि मग गोंधळ होतो.

तळमजला
अल्बमच्या नावापुढे 'रिमास्टर्ड' लिहिलंय. १४ गाणी. बाकी माहीत नाही. काय फरक पडतो?

उलटी_टेप
सगळा फरक पडतो. म्हणजे तुमच्याकडे २००९ ची आहे. ॲबी रोड स्टुडिओच्या इंजिनिअरांनी चार वर्षं खपून मूळ मास्टर टेप डिजिटलवर उतरवल्या, टेपमधली खरखर आणि टिकटिक जिथे जाचत होती तिथे काढली, आवाजाची पातळी थोडी चढवली. पण कोण कुठे उभा आहे याला हात लावला नाही. जो आवाज १९६६ साली उजव्या कोपऱ्यात ठेवला होता, तो २००९ सालीही उजव्या कोपऱ्यातच आहे. तेव्हा रिमास्टरने काही उडवलेलं नाही, हे आधी डोक्यातून काढा.

मिठाची_खडी
तळमजला, एक करून बघा. तेच गाणं लावा आणि उजवा कप कानावरून बाजूला करा. फक्त डाव्या कानाने ऐका.

तळमजला
अरे! डाव्यात खरंच नुसती व्हायोलिनं आहेत. कडवं संपून धृपद आलं की आवाज येतो, पुन्हा कडवं लागलं की जातो. म्हणजे डावा कप बिघडलाय? दोन्ही जोड्यांचा?

लोखंडी_पेटी
एकाच लॉटचा माल असेल. दुकानदाराकडून वेगळ्या कंपनीची जोडी घ्या. नाहीतर एक छोटा डॅक (फोनचा डिजिटल आवाज हेडफोनसाठी बदलून देणारी डबी) घ्या, फोनचं आउटपुट तसंही कमजोर असतं.

मिठाची_खडी
बिघाड काही नाही. डॅकची इथे गरजही नाही. ते मिक्सच तसं आहे, कडव्यात मॅकार्टनी फक्त उजवीकडे. पण दोन्ही कप लावले तर कोणालाही तो ऐकू यायला हवा. म्हणून विचारते, काका हेडफोन कसे लावतात? आणि त्यांना दोन्ही कानांनी सारखं ऐकू येतं ना?

तळमजला
नाही. उजवा कान लहानपणीच गेला, गालगुंड झाली होती तेव्हा. घरात सगळ्यांना माहीत आहे, आम्ही जेवतानासुद्धा त्यांच्या डावीकडेच बसतो. पण इतकी वर्षं त्यांनी हेच गाणं ऐकलंय की, तेव्हा कान काय वेगळा होता?

मिठाची_खडी
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं हो. सापडलं तुमचं कारण.
तेव्हा कशावर ऐकायचे ते?

तळमजला
मित्राच्या खोलीवर. सुटकेससारखा रेकॉर्ड प्लेअर होता, झाकणात स्पीकर.

मिठाची_खडी
एकच स्पीकर. म्हणजे तबकडी कुठलीही असो, डावं-उजवं सगळं त्यातूनच बाहेर यायचं आणि एका कानालाही पूर्ण गाणं मिळायचं. हेडफोनने पहिल्यांदाच त्यांच्यापासून अर्धं गाणं तोडलं.
उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, त्यात ऑडिओ किंवा श्रवण असा भाग असतो, तिथे 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन दोन्ही कपांत जाईल. हे आयफोनमध्येही आहे, अँड्रॉइडमध्येही आहे. एका कानाने ऐकणाऱ्यांसाठीच ते दिलंय आणि दुकानात कोणी सांगत नाही. माझ्या आईचाही एक कान गेलाय, म्हणून मला ठाऊक.

कर्णिका
प्रतिसाद छान. फक्त वाचणाऱ्यांसाठी एक जोडते. काकांचा कान लहानपणी गेला ते वेगळं. पण कोणाला एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळ असेल म्हणून थांबू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, तिथे उशीर महागात पडतो. आणि एकच चांगला कान असणाऱ्यांनी हेडफोनचा आवाज बेताचा ठेवावा.

दमदम
मूळ प्रश्न राहिलाच. मॅकार्टनीला उजवीकडे कोंबायचं कारण काय? तेही सांगा कोणीतरी.

उलटी_टेप
सांगतो, हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. १९६६ मध्ये ॲबी रोडला फक्त चार ट्रॅकची यंत्रं होती, म्हणजे एका टेपवर आवाजाचे चारच सुटे पट्टे. 'एलिनॉर रिग्बी'ला चार व्हायोलिन, दोन व्हिओला, दोन चेलो. हे आठ जण आधी चारही ट्रॅक भरून रेकॉर्ड केले, मग गाण्यासाठी जागा करायला ते सगळे एका ट्रॅकवर उतरवले. एकदा उतरवले की सुटे करता येत नाहीत. मग स्टिरिओ करायचा म्हटलं तर हातात काय उरलं? वाद्यांचा एक गठ्ठा आणि गळ्याचे ट्रॅक. कडव्यातला एकेरी गळा उजवीकडे, धृपदात तो दुहेरी होतो म्हणून दोन्हीकडे. काकांना आवाज 'मधूनच' येतो तो याचमुळे.
त्यात तेव्हा इंग्लंडमध्ये घरोघरी मोनो. बीटल्स स्वतः आणि त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन मोनो मिक्सवर जीव ओतायचे, स्टिरिओ मागाहून झटपट उरकला जायचा. या गाण्यातच त्याची खूण आहे. पहिल्या कडव्याच्या अगदी सुरुवातीला 'एलिनॉर'मधला पहिला तुकडा दोन्हीकडे ऐकू येतो आणि मग आवाज एकदम उजवीकडे पळतो. दुसरा ट्रॅक बंद करायला क्षणभर उशीर झाला, तो तसाच राहिला. २००९ च्या रिमास्टरनेही तो तसाच ठेवला आणि मला ते आवडतं.

पारवा
म्हणूनच म्हणतो २०२२ चं मिक्स लावा. जाइल्स मार्टिनने केलंय, जॉर्ज मार्टिनचा मुलगा. पीटर जॅक्सनच्या चमूने 'गेट बॅक' या बीटल्सवरच्या माहितीपटासाठी जे तंत्र बनवलं, त्याने एका ट्रॅकवर चिकटलेली वाद्यं सुटी करता येतात. 'टॅक्समन'मध्ये गिटार, बास आणि ड्रम एकाच ट्रॅकवर होते, तेही वेगळे निघाले. 'एलिनॉर रिग्बी'त मॅकार्टनी आता मधोमध आहे आणि तंतुवाद्यं दोन्ही बाजूंना पसरलीयत. काकांचा प्रश्न सुटला, सेटिंगसुद्धा बदलायला नको.

दमदम
हे मला अजिबात पटत नाही. मूळ मिक्समध्ये रेकॉर्डिंग इंजिनिअर जेफ एमेरिकने विशीत बसून जे ठरवलं, ते साठ वर्षांनी दुसरा कोणी संगणकावर सुटं करून पुन्हा मांडणार, आणि नाव तेच 'रिव्हॉल्व्हर'. हे काम बाजारासाठी झालंय, ऐकणाऱ्यासाठी नाही.

पारवा
तुम्ही ऐकलंय का? 'टुमॉरो नेव्हर नोज'चे ड्रम ऐका आधी. जुनं काही कोणी काढून घेतलं नाहीये, शेजारी ठेवलंय. ज्याला जे हवं ते ऐकावं.

मिठाची_खडी
पारवा, या काकांसाठी तुमचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. गळा मधोमध आला, पण तंतुवाद्यं पसरली म्हणजे त्यातली उजवीकडची काकांच्या बंद कानाकडे गेली. चेलो नाहीतर व्हायोलिन, काहीतरी हातचं जाणारच. २०२२ चं मिक्स लावलं तरी मोनो सेटिंग चालू हवंच.

उलटी_टेप
आणि त्याहून चांगलं म्हणजे खरं मोनो मिक्स. फोनने स्टिरिओची दोन अंगं एकत्र केली की त्याला मोनो म्हणतात खरं, पण मधोमधचे आवाज बाजूच्या आवाजांपेक्षा वर येतात आणि तोल ढळतो. १९६६ चं मोनो मिक्स वेगळं बसून केलंय. त्यात बारकावेही वेगळे आहेत. 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग'मध्ये उलट्या गिटारचे तुकडे वेगळ्या जागी येतात. 'गॉट टू गेट यू इन्टू माय लाइफ'चा शेवट विरायला जास्त वेळ घेतो. काकांनी मोनो तबकडी ऐकली असेल तर हे त्यांच्या कानात बसलेलं असणार, स्टिरिओ ऐकताना 'हे असं नव्हतं' म्हणतील.

तळमजला
हे सगळं ठीक. कुठे मिळतं तेवढं सांगा. सेटिंग बदललं, आवाज आला. पण काकांनी खरंच गिटारबद्दल तेच म्हटलं, "हे थोडं उशिरा यायला हवं." मला वाटलं वयामुळे म्हणतायत.

अनाहत
अवांतर : याच अल्बमवर 'लव्ह यू टू'मध्ये तबला अनिल भागवतांनी वाजवलाय आणि त्यांचं नाव १९६६ च्या जाकिटावर छापलंय. पाहुण्या वादकाचं नाव बीटल्स क्वचितच छापत. लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधून ते आले होते. आपल्याकडे या गोष्टीची कोणी आठवणही काढत नाही याचं वाईट वाटतं. काकांच्या मित्रांना हे जरूर सांगा.

दमदम
अवांतरावर अवांतर : त्या गाण्यातली सतार बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनची नाही. इतक्या थोड्या दिवसांत तेवढा हात बसत नाही. सर्कलमधल्याच कोणा सतारियाची असणार.

अनाहत
भागवतांनीच पुढे सांगितलंय की जॉर्जने त्यांच्याबरोबर बसून तबला सुरात लावून घेतला आणि सोळा मात्रांचं, रविशंकरांच्या ढंगाचं काही वाजवा म्हणाला. जो माणूस मात्रा सांगतो त्याला सतार धरताच येत नव्हती असं मानायचं कशावरून? हे रेकॉर्डिंग एप्रिल १९६६ चं. रविशंकरांची आणि त्याची भेट त्यानंतरची, आणि सप्टेंबरात तो त्यांच्याकडे शिकायला मुंबईत येऊन राहिला. हौस दांडगी होती.

दमदम
हौस आणि हात वेगळे. जाकिटावर सतारीपुढे नाव नाही, एवढंच म्हणतो. यावर जाणकारांतही एकमत नाही.

मिठाची_खडी
तुम्ही दोघं वेगळा धागा काढा, मी नक्की वाचेन.
तळमजला : २०२२ ची जी मोठी, 'सुपर डिलक्स' आवृत्ती आहे, त्यात पूर्ण अल्बमचं मूळ मोनो मिक्स दिलंय. ॲपमध्ये ती उघडा, एकूण ६३ ट्रॅक दिसतील, घाबरू नका. बराचसा भाग तालमी आणि अर्धवट टेकचा आहे, तो रविवारी नको. यादीत खाली या आणि गाण्याच्या नावापुढे 'मोनो' लिहिलेली १४ घेऊन वेगळी प्लेलिस्ट बनवा. क्रम तपासा, 'टॅक्समन' पहिलं, 'टुमॉरो नेव्हर नोज' शेवटचं.
मित्र येणार असतील तर हेडफोन ठेवा बाजूला, एकच स्पीकर लावा आणि काकांच्या डाव्या हाताला ठेवा.

तळमजला
सापडली. प्लेलिस्ट बनवली. काकांनी 'आय ॲम ओन्ली स्लीपिंग' सलग तीनदा ऐकलं आणि गिटारच्या जागेवर मान हलवली. धन्यवाद, विशेषतः मिठाची_खडी आणि उलटी_टेप. अजून एक, असंच दुसरं काही सुचवा जे एका कानाला पुरेल. त्या काळातलंच हवं.

उलटी_टेप
बीच बॉइज या अमेरिकन बँडचा 'पेट साउंड्स', तोही १९६६ चाच. त्यांचा म्होरक्या ब्रायन विल्सन, त्याला स्वतःला उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नव्हतं आणि त्याने तो अल्बम मोनोच केला. स्टिरिओ मिक्स निघालं ते थेट १९९७ मध्ये. ॲपमध्ये दोन्ही एकाच नावाखाली असतात, तेव्हा 'मोनो' लिहिलंय ना ते बघून लावा.

लोखंडी_पेटी
त्या हेडफोनची पिन मात्र एकदा तपासाच.