मदत हवी आहे: आईला नव्या कॅफेत काय मागवू?

नमस्कार मंडळी. इंदिरानगरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी नवीन कॅफे उघडलाय. सकाळी फिरून येताना आई रोज काचेतून आत डोकावते, पण पायरी काही चढत नाही. रविवारी तिचा ६५वा वाढदिवस, तिथेच न्यायचंय.

तिला मधुमेह आहे, आणि कॉफी म्हणजे दुधातली, जायफळ-वेलदोडा घातलेली. परवा मी एकटा जाऊन आलो. एस्प्रेसो इवल्याशा कपात, जेमतेम दोन घोट, कडूजहर, ती नकोच. कॅपुचिनोवर फेस फार, मग जास्त दुधाची लाटे बरी का? मिसळीवर वाढलेल्या जिभेला रुचेल असं बिनगोड सोबत काय घ्यावं?

खुर्च्या उंच, बिनपाठीच्या आहेत आणि तिचे गुडघे दुखतात. आधी सांगितलं तर साधी खुर्ची देतात का? कोणी आईवडिलांना असं नेलं असेल तर जरूर सांगा.