हुरडा पार्टीला जाऊ का नको? (दीड वर्ष मित्रांना टाळतोय)

धोटा_४७

मंडळी, प्रश्न छोटा आहे पण जरा मागून सांगावं लागेल.

मी सोलापूरचा, पूर्व भागातला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये माझे आठ माग होते, टर्किश टॉवेलचे. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्यानं माल उचलला आणि पैसे अडकवले. सूत उधारीचं, वीजबिल थकलेलं, कामगारांचा पगार मात्र दर आठवड्याला द्यायचाच. शेवटी माग भंगारात दिले, किलोवर. टेम्पोत चढवले त्या दिवशी शेडमध्ये इतकं गप्प झालं की कानात शिट्टी वाजायला लागली. वीस वर्षं खडखडाटात ओरडून बोलायची सवय. अजून घरातही तसाच बोलतो. बायको म्हणते, माग गेले, आवाज तेवढा ठेवून गेले.

आता दुसऱ्याच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बायको कडक भाकरी आणि शेंगाचटणीच्या ऑर्डरी घेते. पोटाला कमी नाही.

अडचण मित्रांची आहे. शाळेपासूनचे आम्ही सात जण. दोघे तेलुगू, एक लिंगायत, एक मुसलमान, बाकी मराठी. शिव्या मात्र सगळ्यांना सगळ्या भाषांतल्या येतात. दर शनिवारी रात्री पार्क चौपाटीवर बसायचो. माग गेल्यावर दोन-तीनदा गेलो. बिल आलं की सगळे एकदम खिशात हात घालायचे आणि माझ्याकडे बघायचं टाळायचे. ते बघणं टाळणं मला सोसेना. मग कधी पाहुणे आले, कधी अंगात कणकण आहे, असं करत करत जायचं बंदच झालं.

ग्रुपवर एक जण रोज सकाळी उगवत्या सूर्याचा फोटो टाकतो, खाली ‘सकारात्मक राहा’. त्याचा दोष नाही, पण तो फोटो बघितला की फोन पालथा घालतो.

आता रविवारी मंगळवेढ्याकडे एकाच्या शेतात हुरडा आहे. माणशी सातशे. मला वेगळा मेसेज आलाय, ‘तू फक्त ये.’ जाऊ का? गेलो तर दिवसभर हसरं तोंड करून बसायला जमेल का?

गुळभेंडी

जा की बे! यात विचारायचं काय? फक्त आधी विचारून घे, हुरडा गुळभेंडीचा आहे की सुरतीचा. मालदांडीचं कणीस भाजून देत असतील तर मात्र घरीच बस. मालदांडी भाकरीची ज्वारी आहे, हुरड्याची नव्हे. यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे.

कुंभारीची_लेक

दादा, माझी आई विड्या वळायची. २००६ साली आम्ही कुंभारीच्या घरकुलात आलो, दहा हजार घरांची वसाहत. त्याआधी शहरात एका खोलीत राहायचो. आईचा हिशेब मला पाठ होता. एकटी सूप घेऊन बसली की संध्याकाळपर्यंत सातशे विड्या, दारात चौघी बसल्या की हजार. हात तेच, पानं तीच. चौघींपैकी एकीचा नवरा दारू पिऊन मारायचा, एकीचा मुलगा आजारी. त्या काही एकमेकींना धीर बिर देत नव्हत्या. कारखान्यावर माल नेला की तिथला माणूस किती विड्या छाटात (खराब म्हणून बाजूला) काढतो, यावरून त्याची नक्कल करायच्या आणि हसून हसून तंबाखू सांडायच्या.

तेव्हा हसरं तोंड घेऊन जायचं मनातून काढा. वहिनींच्या हातची शेंगाचटणी न्या डबाभर. हुरड्याला चटणी लागतेच, आणि सातशे रुपयांचा विषयही डोक्यातून जाईल.

भोंगा_१९६१

ताई, राग मानू नका, पण चटणीचं मला पटलं नाही. डबा नेला की तो हिशेबच झाला. सातशेच्या बदल्यात चटणी. याला हिशेबानंच घरात बसवलंय.

माझं सांगतो. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौतीसचा होतो. घरी सांगितलं नाही. भोंगा वाजायचा बंद झाला होता तरी मी त्याच वेळेला डबा घेऊन निघायचो आणि सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बसायचो. मासे बघायचे, डबा खायचा, पाळी सुटायच्या वेळेला घरी. सात-आठ दिवसांनी पलीकडच्या पायरीवर आमच्याच खात्यातला एक जॉबर (कामगारांवरचा मुकादम) दिसला. त्याच्याही मांडीवर डबा! दोघांनीही ओळख दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी तोच आला आणि म्हणाला, ‘आज भाजी काय आहे बे?’ पुढं आम्ही पाच जण झालो. त्यातूनच एकाला रिक्षा मिळाली, मला चादरीच्या दुकानात काम. (बायकोला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. गिरणी बंद पडलेली अख्ख्या सोलापूरला माहीत होती, मीच एकटा लपवत होतो.)

रिकाम्या हातानं जा. अवघड आहे, माहीत आहे मला.

रात्रपाळी

मी नर्स आहे, म्हणून एवढंच विचारते. झोप लागते का? जेवण जातं का? आधी जे आवडायचं ते आता नकोसं वाटतं का? असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल तर तो स्वभाव नाही, त्यावर उपचार असतात. १४४१६ हा सरकारचा टेली मानस क्रमांक आहे, फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो, मराठीत बोलतात. मित्र आपल्या जागी आणि हे आपल्या जागी. आणि नुसतं जगणंच नको झालं असं मनात येत असेल तर रविवारची वाट बघू नका, आजच लावा.

धोटा_४७

नर्सताई, तसं नाही. झोप लागते, जेवतो. विचारलंत, बरं वाटलं. नंबर लिहून ठेवलाय.

भोंगाकाका, तुमचं वाचून बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती नुसतीच ‘हं’ म्हणाली. त्या ‘हं’चा अर्थ मला कळला.

मग आता खरं सांगतो, आधी लिहिलं नव्हतं. ज्याच्या शेतात हुरडा आहे त्याचेच मी ऐंशी हजार देणं लागतो. सुताच्या उधारीसाठी घेतले होते, तीन महिन्यांत देतो म्हणालो होतो. दोन वर्षं झाली. त्यानं एकदाही मागितले नाहीत. मागितले असते तर एक बरं झालं असतं.

कुंभारीची_लेक

मग माझी चटणी परत घेते. काका बरोबर आहेत.

भोंगा_१९६१

जायच्या आधी त्याला फोन कर. मेसेज नको, फोन. आकडा तूच उच्चार. महिन्याला किती जमेल तेही सांग, जमेल तेवढंच सांग. सगळ्यांसमोर शेतात हा विषय काढू नको, त्याचाही दिवस खराब होईल.

गुळभेंडी

आणि ज्वारी कुठली तेही विचार.

धोटा_४७

मंडळी, जाऊन आलो.

शुक्रवारी फोन केला. तीनदा नंबर काढून बंद केला, चौथ्यांदा लागला. म्हणालो, तुझे ऐंशी हजार माझ्या लक्षात आहेत, महिन्याला दोन हजार जमतील, त्याहून जास्त आत्ता नाही. पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, ‘बरं. पाच तारखेला टाकत जा.’ नको म्हणाला नाही, राहू दे म्हणाला नाही. त्याबद्दल मी त्याचा आयुष्यभर आभारी आहे, हे त्याला कधी सांगणार नाही. लगेच पुढं म्हणाला, ‘आणि रविवारी सातला ये, बाकीचे दहाला येतील. गेल्या साली तू नव्हतास तर या गाढवांनी निम्मी कणसं जाळली.’

आमच्यात आगटी पहिल्यापासून माझ्याकडे. गोवऱ्या पेटवून धूर गेला की निखाऱ्यात कणसं खोचायची, फिरवायची, दाणा हिरवट असतानाच काढायची आणि गरम गरम चोळायची. सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत मी त्या खड्ड्याशीच बसून होतो. हसायचं की नाही हा प्रश्नच आला नाही, धुरानं डोळ्यांतून पाणीच चाललं होतं. एकानं विचारलं, ‘काय बे, रडलालास का?’ दुसरा म्हणाला, ‘अजून ओरडूनच बोलतोय, माग चालू आहेत वाटतं.’ सगळे हसले. मग एकदम गप्प झाले, माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, माग भंगारात गेले, आवाजाला कुणी गिऱ्हाईक मिळालं नाही. तेव्हा परत हसले.

सूर्याचे फोटो टाकणारा शेजारी बसून कणसं देत होता. त्याच्या बायकोचं ऑपरेशन झालंय, दोन महिने तो एकटा घर बघतोय. मला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कसं, फोन मी पालथा घातलेला.

गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, काठ्या (नंदीध्वज) बघायला सगळे मिळून जायचं ठरलंय. जत्रेतल्या अक्षतेच्या दिवशी मला दुपारपर्यंतच सुट्टी मिळेल, बघू.

गुळभेंडी, गुळभेंडीच होती.

आता एक सांगा. कणसं चोळून दोन्ही तळहात भाजलेत, उद्या कारखान्यात सूत हाताळायचंय. तूप लावू का नुसतं खोबरेल?

रात्रपाळी

दोन्ही नको. गार पाण्याखाली धरा, आणि फोड आले असतील तर फोडू नका.