गाड्या नसलेला रस्ता म्हणजे ‘बागेतली फेरी’? मग ऐकाच!

कॅरियरवाली

परवा ‘एकांडा शिलेदार’ यांनी दुसऱ्याच कुठल्याशा धाग्यात जाता जाता पिंक टाकली: «समुद्राकाठच्या डोंगरी उद्यानात, गाड्यांना बंदी असलेल्या रस्त्यांवर सायकलला पॅनियर (कॅरियरच्या दोन बाजूंच्या सामानाच्या पिशव्या) लावून हिंडणं हे टूरिंग नव्हे, ती बागेतली फेरी. टूरिंग म्हणजे ट्रकचा हॉर्न कानात घेऊन या गावाहून त्या गावाला जाणं.» दोन दिवस गप्प बसले. आता नाही बसवत.

किनारा म्हणजे सपाट, हे आधी डोक्यातून काढा. डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथे प्रत्येक ओढा आपापली घळ कोरून खाली येतो आणि रस्ता प्रत्येक घळीत उतरून पुन्हा वर येतो. नकाशात सगळ्यात उंच ठिकाण २०० मीटरचं दिसतं आणि संध्याकाळी सायकलवरचा मीटर बघाल तर दिवसाची चढाई हजार मीटरवर गेलेली. त्यापेक्षा एकच मोठा घाट परवडला, निदान लय तरी सापडते. इथे लय सापडतेय म्हणेपर्यंत उतार येतो, आणि उतारावर घाम वाळतोय म्हणेपर्यंत पुन्हा चढ.

आता हिशोब. मी, सायकल आणि सामान मिळून ११० किलो. १० टक्के चढ, ताशी ६ किलोमीटर. नुसती उंची कमवायलाच साधारण १८० वॅट लागतात, टायरचं घर्षण वेगळं. या वेगात लादलेली सायकल सरळ चालत नाही. हँडल डुगडुगतं, पुढचं चाक फूटभर इकडे, फूटभर तिकडे. मागे मोटार चिकटलेली असेल तर तो फूटभर मी आणू कुठून? रस्ता मोकळा असला की नागमोडी चढते, दम लागला की आडवी थांबते. पाय तेच, छाती तीच. फक्त मान सारखी मागे वळत नाही.

गेल्या ऑक्टोबरात पाच दिवस अकेडिया राष्ट्रीय उद्यानात होते, अमेरिकेच्या मेन राज्यात. धाकट्या रॉकफेलरने, म्हणजे तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाने, १९१३ ते १९४० या काळात तिथे घोडागाडीचे रस्ते बांधून घेतले, आजही सुमारे ४५ मैल. मोटारींना पहिल्या दिवसापासून बंदी. खडीचे थर, पाणी दोन्हीकडे वाहून जावं म्हणून मधोमध फुगवटा, कडेला कठड्याऐवजी ग्रॅनाइटचे ओबडधोबड चिरे. लोक त्यांना ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. एका सकाळी धुकं इतकं उतरलं होतं की मला पुढच्या दोन दातांपलीकडे काही दिसेना. टायरखाली बारीक खडी कुरकुरतेय आणि कुठेतरी पाणी ठिबकतंय, बस. त्या अर्ध्या तासासाठी मी तुमचे सगळे हॉर्न ओवाळून टाकीन.

एकांडा शिलेदार

ताई, माझंच म्हणणं सिद्ध केलंत, आभार. ४५ मैल रस्ते, तेही एकमेकांत गुंतलेले वेढे. पाच दिवस फिरून पोचलात कुठे? निघालात तिथेच! आणि तिथवर सायकल कशी नेलीत? मोटारीच्या मागे टांगून ना? म्हणजे बंदीच्या कमानीपर्यंत मोटार आणि आत गेल्यावर मोटारींचा तिटकारा. वा.

चार वर्षांपूर्वी हमरस्त्यावर एका ट्रकचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. पडलो नाही. उरलेले ९० किलोमीटर पूर्ण केले. तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. टूरिंगने माणूस घडतो तो असा. धुक्यात ठिबकणारं पाणी ऐकून नव्हे.

मंदगती

शिलेदार, कोपराला आरसा घासला आणि तुम्ही ‘घडलात’? आणखी दोन इंच आत असता तर आम्ही श्रद्धांजलीचा धागा काढला असता. चांगला अनुभव आणि निव्वळ नशीब यांत फरक असतो हो.

पंक्चरसम्राट

दोघंही मुद्दा सोडून भांडताय. ‘वाहनमुक्त’ ही एक जातच नाही. तो रस्ता मुळात कोणासाठी बांधला होता ते विचारा, तुमच्या मांड्यांचं काय होणार ते त्यावर ठरतं.

आगगाडीसाठी बांधला असेल तर चढ ३ टक्क्यांच्या आसपासच, कारण इंजिनाला त्याहून झेपत नाही. पारेन्झाना घ्या. इटलीतल्या ट्रिएस्टेहून क्रोएशियातल्या पोरेचला जाणारी अरुंद रुळांची १२३ किलोमीटरची लाइन, १९०२ ला सुरू झाली, १९३५ ला बंद पडली, आता त्या मार्गावर सायकली जातात. (शिलेदार, इकडून तिकडे पोचता येतं बरं का. तीन देशांतून.) घोड्यासाठी बांधला असेल तर थोडा जास्त चढ, पण वळणं घेत घेत, कारण घोड्यालाही दम लागतो. आणि वणव्याचे बंब जावेत म्हणून बुलडोझरने काढलेला असेल, तर राम म्हणा! सरळ नाकासमोर, १५ ते २० टक्के, वर सुटी खडी. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, बसून मारलं की पुढचं उचलतं. तिथे मी मी म्हणवणारे सायकल ढकलताना पाहिलेत. मी स्वतः ढकललीये.

आणि उताराबद्दल कोणी बोलतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन भागातल्या असल्याच एका बंबाच्या रस्त्यावर १९७६ पासून पोरं जुन्या सायकलींवर शर्यती लावायची. उलटं पेडल मारून लागणारा ब्रेक. खाली येईपर्यंत हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून धूर व्हायचा, पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ (पुन्हा भरणं) पडलं. बागेतली फेरी म्हणे.

कॅरियरवाली

सम्राट, दंडवत. पुढे २४ दात्यांचं चक्र आणि मागे ३६ दात्यांचं, यापेक्षा जड गियर घेऊन कोणी बंबाच्या रस्त्यावर जाऊ नये एवढी भर घालते. मिनिटाला ६० फेऱ्यांच्या लयीत पाय फिरवले तरी ताशी पाच किलोमीटरच्या वर जेमतेम. पण सायकल चढते.

रानवाटा

मी सायकल चालवत नाही. चालतो. तुमचा हा ‘मोकळा रस्ता’ आमचाही आहे, याचा तुमच्यापैकी एकालाही पत्ता नाही. गाड्या नाहीत म्हणून आम्ही तिथे जातो आणि मागून आवाज न करता एक सायकल कानाजवळून सुळ्ळकन जाते. बायकोचा हात धरून बाजूला ओढलं म्हणून वाचली. वाजवायला घंटी नाही? का वजन वाढतं?

मंदगती

घंटी वाजवली तरी शिव्याच मिळतात काका. «आम्ही काय गुरं आहोत का?» हे मला तोंडावर ऐकवलंय एकाने. तेव्हापासून मी हबची करकर ऐकू जाऊ देतो, पेडल थांबवून.

रानवाटा

करकर! म्हणजे तुमच्या हबच्या आवाजावरून आम्ही ओळखायचं की साहेब येताहेत?

उतारू

घंटी सर्वांत वाईट. माणूस दचकतो आणि नेमका चुकीच्या बाजूला उडी मारतो. तोंडाने ‘डावीकडून येतोय’ म्हणावं. साधा उपाय आहे.

कॅरियरवाली

आणि तो ‘डावीकडून’ एवढंच ऐकून डावीकडे सरकतो. माझ्याबाबतीत दोनदा झालंय. घंटी २० मीटर आधी, एकदाच, हळू. मग वेग कमी, मग ‘नमस्कार’. नमस्काराला कोणी उलटून बोलत नाही.

उतारू

कानात इअरफोन असेल तर तुमच्या नमस्काराचं काय करायचं? अर्धी जनता कानात बोळे घालून निसर्ग ऐकायला येते.

रानवाटा

माझ्या कानात काही नव्हतं. दोष आमचाच निघणार हे माहीत होतं.

पंक्चरसम्राट

घोडा विसरलात. अकेडियाचा नियमच आहे: सायकलने सगळ्यांना वाट द्यायची आणि घोड्याला सगळ्यांनीच द्यायची. एकदा मी घोड्याच्या मागून घंटी वाजवली. एकदाच. तो जो वळला, त्याच्या डोळ्यांचं पांढरं अजून दिसतं मला. घोड्यावरच्या बाईंनी जे ऐकवलं ते रास्तच होतं. तेव्हापासून घोडा दिसला की खाली उतरतो आणि लांबूनच बोलायला लागतो. घोड्याला माणसाचा आवाज कळतो, टिंग कळत नाही.

चार्जिंगवाला

या सगळ्यात ई-बाइकचं काय? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला तेवढाच आधार आहे आणि अशा रस्त्यांवर लोक असं बघतात जसा मी ट्रॅक्टर आणलाय. अकेडियात पहिल्या वर्गाची, म्हणजे पेडल मारलं तरच जोर देणारी चालते. थ्रॉटलवाली, म्हणजे पेडल न मारता पळणारी, नाही. एवढा स्वच्छ नियम असताना बाकीच्यांनी नाकं का मुरडावीत?

एकांडा शिलेदार

ई-बाइकवर मी बोलत नाही, माझा रक्तदाब वाढतो.

चार्जिंगवाला

मग ट्रकच्या आरशाने कमी झाला होता का?

मंदगती

😂 गप्प बसा रे दोघं.

उतारू

वेगाचं बोला. मरीनमधल्या टॅमलपायस डोंगराच्या बंब-रस्त्यांवर ताशी १५ मैलांची मर्यादा आहे, आंधळ्या वळणावर आणि कोणाला ओलांडताना ५. पाच मैल म्हणजे सावकाश धावण्याचा वेग. हे पाळलं तर घंटी, हब, नमस्कार, काहीच लागत नाही.

रानवाटा

पाळणारा एक तरी दाखवा, मी स्वतः त्याला हार घालतो.

कॅरियरवाली

काका, दुपारी चारनंतर या. समुद्रावरून जमिनीकडे वारा सुटलेला असतो. त्याच्या विरुद्ध तोंड करून, पॅनियरची दोन शिडं लावून उतरणारी मी दिसेन. उतारावर पेडल मारत असते मी. पाचाच्या वर गेले तर हार परत घ्या.

रानवाटा

बरं. तुम्ही वगळून.

एकांडा शिलेदार

घंटीच्या गोंगाटात मूळ मुद्दा वाहून गेला, तरी माझं म्हणणं कायम आहे. प्रवास म्हणजे कुठेतरी पोचणं. बंबाच्या रस्त्याचं सम्राटांनी सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं, ठीक आहे. २० टक्के चढावर सामानासकट जो बसून राहील त्याला मी बागेतला म्हणणार नाही. बाकी घोडागाडीच्या रस्त्यावरचे लोक बागेतलेच.

कॅरियरवाली

एवढी मोठी माघार! कोणीतरी तारीख लिहून ठेवा. आणि मोटारीच्या मागे टांगून नेल्याचं म्हणाल, तर सायकल खोक्यात घालून बसने नेली होती. मागचा डिरेलर (गियर बदलणारा भाग) वाकला प्रवासात. पहिला अख्खा दिवस तो सरळ करण्यात गेला, तेव्हा पाच दिवस म्हटलं ते चारच धरा.

एकांडा शिलेदार

बसने? हे आधी का नाही सांगितलंत?

कॅरियरवाली

विचारलंत कुठे, ठरवूनच टाकलंत.

एकांडा शिलेदार

असो. ऑक्टोबरात तिथलं धुकं किती वाजता ओसरतं? आणि खडीवर ४० मिलिमीटरचा टायर पुरतो का? पुतण्या विचारतोय.

कॅरियरवाली

४० पुरतो, हवा जरा कमी ठेवायची. धुक्याचा नेम नाही, मला एकदा अकरा वाजले. वसंतात मात्र जाऊ नका म्हणावं. चिखल असला की रस्तेच बंद ठेवतात. आणि साखळी रोज रात्री पुसायची, खाऱ्या हवेत दोन दिवसांत तांबडी होते.

रानवाटा

पुतण्याला आधी एक घंटी घेऊन द्या.